साल १९४४, गाणं २०१६

स्पर्धेत पहिला नंबर कुणाचा येतो? सोप्पा प्रश्न आहे. परीक्षकांनी ज्याला सर्वात जास्त मार्क दिले त्याचा, नाहीतर पब्लिकने ज्याला सर्वात जास्त मतं दिली त्याचा. २०१६ सालच्या युरोव्हिजनमध्ये यातलं काहीच झालं नाही. परीक्षकांच्या यादीत ऑस्ट्रेलिया पहिली, प्रेक्षकांच्या यादीत रशिया पहिला, आणि ट्रॉफी घेऊन गेली दोन्ही याद्यांमध्ये दुसरी आलेली युक्रेनची गायिका!

शनिवारी बाहेर पाऊस, घरात काही काम नाही, म्हणून ते सगळे मार्क एका एक्सेल शीटमध्ये टाकून बसलो होतो. (आमच्या धंद्यातली खोड. आकडे दिसले की सॉर्ट करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही.) म्हटलं अर्ध्या तासाची गंमत आहे. पण गाण्याचं नाव होतं '१९४४', आणि त्या चार आकड्यांचं काय प्रकरण आहे हे बघायला गेलो तो पार रविवार रात्रीपर्यंत त्यातच अडकलो. एक्सेल शीट तसंच उघडं राहिलं.

ज्यांना युरोव्हिजन म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. युरोपातल्या सरकारी/सार्वजनिक टीव्ही-रेडिओ संस्थांची एक संघटना आहे, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. तिने १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावात ७ देशांना घेऊन ही गाण्यांची स्पर्धा सुरू केली. प्रत्येक देशाने एक नवीन गाणं पाठवायचं, तीन मिनिटांच्या आतलं, आणि बाकीच्या देशांनी त्याला मार्क द्यायचे. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. आपल्याकडे बहुतेकांना यातलं एकच नाव ठाऊक असतं, ते म्हणजे १९७४ साली जिंकलेला स्वीडनचा आब्बा. (ऑस्ट्रेलिया युरोपात कधी गेली, असं विचारू नका. २०१५ मध्ये पाहुणी म्हणून बोलावली होती, ती राहिलीच.) चमचमते कपडे, धूर, पंखे, आगीचे फवारे असा सगळा मामला. आणि एक नियम: गाण्यात राजकारण नको.

तर अशा या झगमगाटात १४ मे २०१६ च्या रात्री, स्टॉकहोमच्या ग्लोब अरिनामध्ये, जमाला नावाची बाई निळ्या कपड्यात एकटी उभी राहिली. नाच नाही, मागे मुली नाहीत. कडवी इंग्रजी आणि धृपद क्रिमियन तातार भाषेत. युरोव्हिजनच्या साठ वर्षांत ही भाषा त्या स्टेजवर कधी ऐकूच आली नव्हती. गाण्यात दुदुक नावाचं आर्मेनियन वाद्य वाजतं, आपल्या सनईच्या खर्जातल्या बहिणीसारखं, आणि शेवटाकडे शब्द संपतात आणि नुसता एक लांबलचक आलाप उरतो. आलाप म्हणायचा की आक्रोश, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाई ऑपेराचं शिक्षण घेतलेली आहे, कीव्हच्या संगीत अकादमीत. गळ्यावर ताबा असल्याशिवाय तसं रडता येत नाही.

आता गंमत बघा. त्या गाण्यात रशिया हा शब्द नाही. स्टालिन नाही. क्रिमिया हे नावही नाही. इंग्रजी कडव्यांत घरात शिरणारे परके लोक आहेत, पण ते कोण, कुठले, याचा पत्ता नाही. सगळा पत्ता शीर्षकात. एक साल, बस्स.

*

१९४४ च्या एप्रिल-मे महिन्यात सोव्हिएत फौजांनी क्रिमिया जर्मनांकडून परत जिंकला. शेवटचे जर्मन १२ मेच्या सुमारास संपले. त्याच्या आदल्याच दिवशी, ११ मे १९४४ रोजी, स्टालिनने राज्य संरक्षण समितीच्या ५८५९ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली. हुकूम असा की क्रिमियातल्या सगळ्या तातारांना उचलून उझबेकिस्तानात कायमचं वस्तीला पाठवायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या. आरोप होता जर्मनांशी हातमिळवणी केल्याचा.

आरोप शंभर टक्के खोटा होता का? नाही. जर्मनांनी उभ्या केलेल्या तुकड्यांमध्ये काही हजार तातार होते, हे खरं आहे. आणि रेड आर्मीतही हजारो तातार लढत होते, हेही तितकंच खरं. अमेत-खान सुलतान नावाचा एक लढाऊ वैमानिक होता, क्रिमियातल्या आलुप्का गावचा. आई क्रिमियन तातार, बाप दागेस्तानचा. त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब दोनदा मिळाला, १९४३ आणि १९४५ मध्ये. म्हणजे मधल्या वर्षी त्याच्या आईची अख्खी जमात देशद्रोही ठरवली गेली आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पदक! हुकुमात माणसागणिक चौकशी वगैरे भानगडच नव्हती. आडनावं बघून यादी, यादी बघून गाडी.

१८ मेच्या पहाटे सुरुवात झाली. बेरियाच्या एनकेव्हीडीचे (म्हणजे तेव्हाचं गृह आणि गुप्त पोलीस खातं) ३२ हजारांवर जवान या कामाला लावले होते. कागदावर प्रत्येक कुटुंबाला ५०० किलोपर्यंत सामान न्यायची परवानगी होती. हा ५०० चा आकडा वाचून मी थबकलो. कुणीतरी ऑफिसात बसून तो ठरवला असणार, टाईप केला असणार, वरिष्ठांनी वाचून मान डोलावली असणार. प्रत्यक्षात दार ठोठावून पंधरा-वीस मिनिटं देत होते. तेवढ्या वेळात म्हातारी माणसं उठवायची, पोरांना कपडे घालायचे, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवायचं. कुणी कुराण घेतलं, कुणी शिवणयंत्र. बरेच जण असंच समजले की आता आपल्याला गोळ्या घालणार, त्यामुळे त्यांनी काहीच घेतलं नाही.

तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार माणसं मालगाड्यांमध्ये भरली गेली. यात पुरुष कमीच होते, कारण धडधाकट पुरुष आघाडीवर होते, याच सरकारसाठी लढत. बायका, पोरं आणि म्हातारे. प्रवास दोन-तीन आठवड्यांचा. डब्यात जो मरेल त्याला गाडी थांबेल तिथे रुळांच्या कडेला टाकायचं.

जमालाची पणजी या गाडीत होती. वय पंचविशीच्या आसपास, सोबत पाच मुलं. पणजोबा तेव्हा रेड आर्मीत. पाचातली एक मुलगी वाटेत गेली आणि तिला डब्याबाहेर टाकलं गेलं. पुरलंही नाही. जमालाने ही गोष्ट पणजीच्या तोंडून लहानपणी ऐकली आणि अनेक मुलाखतींत सांगितली आहे. गाण्याचं धृपद ज्या लोकगीतावर बेतलंय तेही हद्दपारीतल्या लोकांचंच आहे, आपलं तरुणपण आपल्या मातीत घालवता आलं नाही म्हणून हळहळणारं.

उझबेकिस्तानात पोचल्यावर पुढची दोन वर्षं भूक, मलेरिया, टायफस. किती मेले? सोव्हिएत कागदपत्रांतून निघणारे आकडे कमी आहेत, तातार कार्यकर्त्यांनी नंतर घरोघर जाऊन केलेल्या गणतीत जवळजवळ निम्मे, ४६ टक्के. इतिहासकार यांच्या मधे कुठेतरी थांबतात. मी त्या वादात पडत नाही. सर्वात कमी आकडा घेतला तरी तो तीस हजारांच्या वर जातो, दर पाच-सहा माणसांमागे एक असा.

*

इथपर्यंतचं थोडंफार वाचलेलं असतं. स्टालिनने काय काय केलं याची यादी मोठी आहे, त्यातली ही एक नोंद. मला जास्त अस्वस्थ केलं ते यानंतर जे झालं त्याने. माणसं नेल्यावर त्यांच्या खुणा पुसायचं काम पद्धतशीर सुरू झालं. क्रिमियातल्या बहुतेक तातार गावांची नावं बदलून रशियन करण्यात आली. जमालाच्या घराण्याचं गाव आलुश्ताजवळ समुद्राकाठी आहे. त्याचं जुनं नाव कुचुक-उझेन, म्हणजे छोटी नदी. नवीन नाव मालोरेचेन्स्कोये. अर्थ? छोटी नदी! नाव बदलणाऱ्या बाबूला नवं काही सुचलंही नसावं. सरळ भाषांतर करून टाकलं. नदी तीच, अर्थ तोच, फक्त ज्यांच्या भाषेत ते नाव होतं ती माणसं गायब.

मग पुढची पायरी. १९५९, १९७० आणि १९७९ च्या सोव्हिएत जनगणनेत 'क्रिमियन तातार' अशी वेगळी जमातच नाही. नुसते 'तातार'. डेटाबेसमधून रेकॉर्ड डिलीट करत नाहीत, तो कॉलमच काढून टाकतात, तसं. १९६७ साली सरकारने त्यांच्यावरचा सरसकट देशद्रोहाचा आरोप मागे घेतला खरा, पण त्या फर्मानातसुद्धा त्यांचा उल्लेख 'पूर्वी क्रिमियात राहणारे तातार नागरिक' अशा धाटणीचा. म्हणजे माफी, आणि ती देतानाच सांगायचं की तुम्ही तिथले नव्हेच, राहत होतात इतकंच. चेचेन, इंगुश अशा इतर काही हद्दपार जमातींना १९५७ पासून परत जाऊ दिलं. यांना नाही. दरम्यान १९५४ मध्ये क्रिमिया रशियन प्रजासत्ताकातून काढून युक्रेन प्रजासत्ताकाला जोडला गेला. तेव्हा सगळा एकच देश असल्यामुळे कुणाला त्याचं फार वाटलं नाही. साठ वर्षांनी वाटलं.

तरी लोक परत जायला धडपडत होते. जायचे, घर विकत घ्यायचे, पण राहण्याचा परवाना द्यायचा नाही असं ठरलेलं. मग खरेदी रद्द, पुन्हा हाकलणं. १९७५ साली मुसा मामुत नावाच्या माणसाने असंच घर घेतलं. परवान्याविना राहतो म्हणून तो आधी तुरुंगात जाऊन आला, आणि १९७८ मध्ये पोलीस पुन्हा न्यायला आले तेव्हा त्याने स्वतःला पेटवून घेतलं. मुस्तफा जेमिलेव्ह हा त्यांचा सर्वात मोठा नेता. १९४४ मध्ये तो तान्हं मूल होता, मोठेपणी अनेक वर्षं तुरुंगात काढली, आणि १९७५-७६ मध्ये ३०३ दिवसांचं उपोषण केलं. नळीने अन्न घालून जिवंत ठेवला त्याला.

जमालाचा जन्म १९८३ चा, किर्गिझस्तानमधल्या ओश शहरात. वडील तातार, आई आर्मेनियन. (दुदुक कुठून आलं ते कळलं ना!) ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गोर्बाचेव्हच्या काळात बंधनं सैल झाली आणि हे कुटुंब क्रिमियात परतायला निघालं. पण तातार माणसाला घर विकायला अजूनही कुणी धजेना. मग आईवडिलांनी काय करावं? कागदोपत्री घटस्फोट घेतला. आईच्या नावात तातारपणा काही उरला नाही, म्हणून घर तिच्या नावावर झालं. मग पुढे कधीतरी ते पुन्हा 'एकत्र' आले. नवराबायकोने आपल्याच गावात राहायला मिळावं म्हणून काडीमोड घ्यायचा, ही गोष्ट मी घरी जेवताना सांगितली तर आईने पोळी लाटायची थांबून विचारलं, "आणि पोरीला काय सांगितलं असेल रे त्यांनी?" याचं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

नोव्हेंबर १९८९ मध्ये सुप्रीम सोव्हिएतने हद्दपारी बेकायदेशीर आणि गुन्हेगारी होती असं जाहीर केलं. लोक लाखांनी परतले. जुन्या घरांत दुसरी कुटुंबं राहत होती, त्यामुळे गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहिले. २००१ च्या युक्रेनच्या जनगणनेत क्रिमियात २ लाख ४३ हजार क्रिमियन तातार मोजले गेले, एकूण वस्तीच्या सुमारे १२ टक्के. कॉलम परत आला.

*

आणि मग आलं २०१४. मार्चमध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला. एप्रिलमध्ये जेमिलेव्हला, तेव्हा सत्तर वर्षांचा, क्रिमियात यायला बंदी. त्याच वर्षी जमालाने हे गाणं लिहिलं. तिचे आईवडील आणि आजोबा क्रिमियातच होते, ती कीव्हमध्ये. स्पर्धेच्या वेळी तिला घरी जाऊन दोन वर्षं होत आली होती. २६ एप्रिल २०१६ रोजी क्रिमियातल्या न्यायालयाने मेजलिस, म्हणजे तातारांची प्रातिनिधिक सभा, अतिरेकी संघटना ठरवून तिच्यावर बंदी घातली. फायनल १८ दिवसांवर होती.

आता तो नियम. राजकारण नको. फेब्रुवारीत युक्रेनच्या निवड फेरीत हे गाणं जिंकल्याबरोबर रशियातून ओरड सुरू झाली. ९ मार्चला आयोजकांनी निकाल दिला, की शीर्षकात किंवा शब्दांत राजकीय असं काही नाही. चालेल.

हा निकाल प्रामाणिक होता का? इथे मला जरा भांडायचंय. आधीची उदाहरणं बघा. २००५ मध्ये युक्रेननेच ऑरेंज क्रांतीचं गाणं पाठवलं होतं, त्यातलं नेत्याचं नाव वगैरे काढायला लावलं. २००९ ची स्पर्धा मॉस्कोत होती. आदल्या ऑगस्टमध्ये रशियाशी युद्ध झालेल्या जॉर्जियाने असं गाणं दिलं की त्याच्या इंग्रजी शीर्षकातले शेवटचे दोन शब्द जोडून म्हटले की 'पुतिन' ऐकू येतं. 'बदला नाहीतर दुसरं द्या' असं सांगितलं गेलं, जॉर्जियाने स्पर्धाच सोडली. (पांचट विनोद होता, पण हिंमत होती बुवा.) २०१५ मध्ये आर्मेनियाच्या गाण्याचं शीर्षक 'नाकारू नका' अशा अर्थाचं होतं. त्या वर्षी आर्मेनियन हत्याकांडाला शंभर वर्षं होत होती, तुर्कस्तान ते नाकारतो, त्यामुळे सगळ्यांना कळलं काय ते. गाणं राहिलं पण शीर्षक बदलावं लागलं.

म्हणजे दोन शब्दांचं शीर्षक राजकीय ठरतं आणि चार आकड्यांचं नाही. माझ्या मते ठरवणाऱ्यांना सगळं व्यवस्थित कळत होतं. नियम शब्दांना लागतो, आकड्यांना लागत नाही, ही पळवाट जमालाला सापडली आणि आयोजकांनी ती पळवाट आहे हे न बघितल्यासारखं केलं. जमाला स्वतः म्हणत राहिली की हे माझ्या पणजीचं गाणं आहे, घरातली गोष्ट आहे. ती खोटं बोलत नव्हती. पण २०१६ मध्ये ही नुसती जुनी गोष्ट आहे असं युरोपात एकालाही वाटत नव्हतं, तिलाही नाही. ज्या लोकांचं नाव जनगणनेतून काढून टाकलं होतं त्यांच्या बाबतीत 'हा इतिहास, हे राजकारण' अशी रेघ मारायची तरी कुठे? गाण्याला परवानगी दिली ते बरोबरच केलं. कारण मात्र धड दिलं नाही.

आणखी एक तांत्रिक भानगड निघाली. गाणं ठरलेल्या तारखेआधी प्रसिद्ध झालेलं नसावं असा नियम आहे, आणि मे २०१५ मधल्या एका छोट्या कार्यक्रमात जमालाने याचंच आधीचं रूप गायल्याचा व्हिडिओ सापडला. पण तो बघितलेला मूठभर लोकांनी, म्हणून तेही सोडून दिलं गेलं. नियम म्हटला की अपवाद येतोच म्हणा.

*

परत माझ्या शीटकडे. २०१५ पर्यंत प्रत्येक देशाचे परीक्षक आणि प्रेक्षक यांची मतं एकत्र करून एकच संच निघायचा: १ ते ८, मग १० आणि १२. २०१६ पासून दोन वेगळे संच. आधी ४२ देशांच्या परीक्षकांचे मार्क, मग सगळ्या देशांतल्या फोन-एसएमएसवाल्यांचे, तेही एकत्र बेरीज करून, कमीकडून जास्तीकडे. (आपल्या सारेगमप आणि इंडियन आयडॉलच्या एसएमएसचे दिवस आठवले. मतांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.)

परीक्षकांचे मार्क संपले तेव्हा ऑस्ट्रेलिया ३२०, युक्रेन २११, रशिया १३०, तोही पाचवा. ऑस्ट्रेलियाची दामी इम, कोरियात जन्मलेली, जबरदस्त गायली होती. १०९ मार्कांची आघाडी. मग प्रेक्षक. पोलंडला परीक्षकांनी सगळे मिळून ७ मार्क दिले होते, प्रेक्षकांनी दिले २२२! (हा फरक बघून परीक्षक आणि प्रेक्षक एकच कार्यक्रम बघत होते का, अशी शंका येते.) ऑस्ट्रेलियाला १९१, एकूण ५११. शेवटी दोनच नावं उरली, युक्रेन आणि रशिया. युक्रेन ३२३, एकूण ५३४. आता रशियाला पुढे जायला ४०५ हवे होते. मिळाले ३६१, एकूण ४९१. संपलं.

जुन्या पद्धतीने ऑस्ट्रेलिया जिंकली असती, असा हिशोब लोकांनी लगेच मांडला. 'युरोपने रशियाला धडा शिकवला' असंही म्हटलं गेलं. पण मला ते पटत नाही, कारण आकडे तसं बोलत नाहीत. युरोपातल्या सामान्य प्रेक्षकांनी सर्वात जास्त मतं रशियाच्या सर्गेई लाझारेव्हलाच दिली होती. जमाला जिंकली कारण ती दोन्हीकडे वरच्या बाजूला होती. बाकी दोघं एकेका बाजूला घसरले.

आणि या सगळ्या आकड्यांत दोन खण असे आहेत की मी ते तीनदा तपासले. युक्रेनच्या परीक्षकांनी रशियाला दिले शून्य. रशियाच्या परीक्षकांनी युक्रेनला शून्य. अपेक्षितच. पण युक्रेनच्या प्रेक्षकांनी आपले १२ कुणाला दिले? रशियाला. आणि रशियाच्या प्रेक्षकांनी १०, म्हणजे दुसरा नंबर, दिला युक्रेनला. दोन वर्षं पूर्व युक्रेनमध्ये तोफा चालू होत्या, आणि मॉस्को-नोवोसिबिर्स्कमधली माणसं फोन उचलून हद्दपारीच्या गाण्याला मत देत होती. त्यांच्या डोक्यात काय होतं हे आकड्यावरून कळत नाही. कदाचित नुसतं गाणं आवडलं असेल. कदाचित त्यांच्याही घरात कुणीतरी अशाच गाडीत बसलेलं असेल. स्टालिनच्या गाड्यांमध्ये सगळ्याच जातीजमातींची माणसं बसली होती.

निकालानंतर चार दिवसांनी १८ मे आली, हद्दपारीचा स्मृतिदिन.

पुढची हकीकत थोडक्यात. जिंकलेल्या देशात पुढची स्पर्धा, म्हणून २०१७ मध्ये सगळे कीव्हला. रशियाने जी गायिका निवडली ती यूलिया सामोयलोव्हा, व्हीलचेअर वापरणारी. ती २०१५ मध्ये क्रिमियात गाऊन आलेली असल्यामुळे युक्रेनने तिला तीन वर्षं प्रवेशबंदी केली, आणि रशिया त्या वर्षी आलाच नाही. मुद्दाम निवडली म्हणावं तर पुरावा नाही, योगायोग म्हणावं तर मन मानत नाही.

आणि एक गोष्ट जमालाच्या चाहत्यांना आवडत नाही, पण सांगायला हवी. २०१९ च्या युक्रेनच्या निवड फेरीत ती परीक्षक होती. मारुव्ह नावाच्या गायिकेला तिने थेट प्रक्षेपणात विचारलं, क्रिमिया युक्रेनचा आहे का? गाणं झालं होतं, प्रश्न गाण्याबद्दल नव्हताच. मारुव्ह हो म्हणाली, जिंकली, आणि मग रशियात कार्यक्रम करण्यावरून करारात अटी आल्या आणि तिने माघार घेतली. त्या वर्षी युक्रेनने कुणालाच पाठवलं नाही. तो व्हिडिओ बघताना मला अवघडल्यासारखं झालं. स्वतःच्या गाण्यात जिने एकही नाव घेतलं नव्हतं, तीच आता दुसरीकडून नाव वदवून घेत होती. तिचं घर तिकडे अडकलंय हे लक्षात घेतलं तरी.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चौफेर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी युरोव्हिजनने रशियाला बाहेर काढलं. नियमातला 'राजकारण नको' तसाच लिहिलेला राहिला. जमाला दोन लहान मुलांना घेऊन कीव्हमधून निघाली, सीमा ओलांडून इस्तंबूलला पोचली. तिचा नवरा मागे युक्रेनमध्ये राहिला. आठवड्याभरात, ४ मार्चला, ती बर्लिनमध्ये जर्मनीच्या निवड फेरीच्या स्टेजवर होती आणि तेच गाणं गात होती. हातात युक्रेनचा झेंडा. पणजी पाच मुलं घेऊन निघाली तेव्हा नवरा आघाडीवर होता. मी हे मुद्दाम जुळवून सांगत नाहीये, ते तसंच झालं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रशियाच्या गृह मंत्रालयाने तिचं नाव 'पाहिजे असलेल्या' लोकांच्या यादीत घातलं. त्याच वर्षी तिचा 'क्रिम' हा अल्बम आला होता, नुसत्या तातार लोकगीतांचा, क्रिमियाच्या वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेल्या. शीट बंद करून रविवारी रात्री तो ऐकत बसलो. एकही शब्द कळत नव्हता. गावांची नावं मात्र मी नकाशावर शोधत होतो, आणि बरीचशी सापडत नव्हती, कारण मी जुनी नावं टाईप करत होतो.